दाढ दुखायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही

माझ्या आईची खालची डावी दाढ गणपतीच्या आधी चार रात्री नुसती ठणकत होती, लवंगेचं तेल लावून झालं, मेडिकलमधून पेनकिलर आणून झाली, आणि पाचव्या दिवशी सकाळी ती म्हणाली आता काहीच दुखत नाही. आम्हाला सगळ्यांना हायसं वाटलं. पुढे आठ महिन्यांनी त्याच दाढेखाली हिरडीवर बारीक पुळी आली, दाबली की पू यायचा. एक्स-रे काढला तर मुळाच्या टोकाशी काळा डाग, म्हणजे तिथलं हाड झिजलेलं. डॉक्टरांनी सांगितलं, त्या पाचव्या दिवशी दाढ बरी झाली नव्हती, आतली नस मेली होती.

आपण नस नस म्हणतो तो खरं तर दाताच्या मधोमध असलेला मऊ गर, पल्प, त्यात नसा असतात, रक्तवाहिन्या असतात, पेशी असतात. त्याच्याभोवती डेंटिन हा दाताचा कठीण थर आणि वरून एनॅमल, जो आपल्या शरीरातला सगळ्यात कडक पदार्थ. आता बोटाला लागलं तर बोट सुजतं, त्याला फुगायला जागा असते. दाताच्या आत ती जागाच नाही, चारी बाजूंनी कडक भिंत, आणि रक्त येण्याजाण्याची वाट म्हणजे मुळाच्या टोकाचं एवढंसं भोक. कीड आत पोचली की गराला सूज येते, दाब वाढतो, म्हणून ते दुखणं असं ठोके दिल्यासारखं असतं. रात्री आडवं झालं की डोक्याकडचा रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून रात्री जास्त.

मग रूट कॅनल, म्हणजे हा गर काढून आतली पोकळी भरणं, कधी लागतं? गार पाणी प्यायल्यावर क्षणभर झिणझिणलं आणि लगेच गेलं तर बऱ्याचदा साध्या फिलिंगवर भागतं, गर अजून सावरू शकतो. पण गार किंवा गरम लागल्यावर कळ मिनिटभर रेंगाळली, काही न खातापिता आपोआप दुखायला लागलं, झोपेतून जाग आली, गरम चहाने कळ उठतेय आणि गार पाणी तोंडात धरलं की बरं वाटतंय, असं असेल तर गर वाचण्याची शक्यता फार कमी. आणि तो पूर्ण मेला की दुखणं थांबतं. इथेच माणसं फसतात हो! लहानपणी बॉल लागलेला पुढचा दात तर काही न दुखता वर्षानुवर्षं हळूहळू काळपट होत जातो, तोही दाखवायला हवा.

अँटिबायोटिकने जाईल ना, हा प्रश्न घरोघरी. गोळी रक्तातून पोचते, आणि मेलेल्या गरात रक्तच जात नाही, त्यामुळे आतले जंतू तसेच राहतात. चेहरा सुजला, ताप आला तर डॉक्टर गोळ्या देतात, पण दात आतून साफ करण्याला तो पर्याय नाही. सगळा खेळ जंतूंचा आहे हे 1965 मध्ये काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झगेराल्ड या संशोधकांनी उंदरांवर फार छान दाखवलं. दाढेला भोक पाडून गर उघडा केला, साध्या उंदरांमध्ये तो सडला, आणि पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये तो जिवंत राहिला, भोकावर नवं डेंटिनसुद्धा धरलं.

म्हणून रूट कॅनल म्हणजे मुख्यतः सफाई. भूल देतात, दाताभोवती रबराचा पडदा लावतात म्हणजे थुंकी आत जात नाही, मग वरून भोक पाडून बारीक फाईल, म्हणजे कानशीसारखी सुई, घालून गर काढतात. आईच्या वेळी मी बाजूलाच उभी होते, पांढऱ्या मुठीची फाईल दाखवली मला, टोक 0.15 मिलिमीटरचं, त्यावर रबराची छोटी टिकली, मुळात किती आत जायचं त्याची खूण. मधेमधे सोडियम हायपोक्लोराइटने धुतात, कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच, त्याचा तो स्विमिंग पूलसारखा वास खोलीभर येतो. खालच्या दाढेत बहुतेक वेळा तीन कॅनल, म्हणजे मुळातल्या गराच्या बारीक नळ्या, वरच्या पहिल्या दाढेत अनेकदा चौथा लपलेला, तो सुटला तर पुन्हा त्रास होतो, त्यामुळे वेळ लागला तर लागू द्यावा.

साफ झालेल्या पोकळीत गटापर्चा भरतात, हा मलाया भागातल्या झाडांचा चीक. 1870 मध्ये मुंबईपासून एडनमार्गे सुएझपर्यंत समुद्राखालून तारेची केबल टाकली तिच्यावर ह्याच चिकाचं आवरण होतं, पाणी आत शिरू नये म्हणून! दातातही त्याचं काम तसंच, बाहेरचं काही आत शिरू द्यायचं नाही.

शेवटी कॅप. दुखायचं थांबलं की लोक कॅपला टाळाटाळ करतात आणि मग चावताना दाढ उभी चिरते. कीड आणि ड्रिलिंगने दाढ आधीच पोकळ झालेली असते, चावण्याचा जोर तिला पेलत नाही, आणि चीर मुळापर्यंत गेली की काढण्याशिवाय इलाज उरत नाही. आईने कॅप लगेच बसवून घेतली. पुळी दोनेक आठवड्यांत सुकली, आणि वर्षाने काढलेल्या एक्स-रेमध्ये तो काळा डाग जवळजवळ भरून आला होता, तिथे नवं हाड आलं होतं.