टँगोच्या मिठीबाहेर कोण राहतं?

अर्जेंटिनातल्या ब्यूनोस आयर्सच्या बेल्ग्रानो भागातल्या बागेत एक गोल मंडप आहे. संध्याकाळी तिथे टँगो नाचायला माणसं जमतात. अशा मैफलीला मिलोंगा म्हणतात आणि तिची घडण नवख्याला चकित करणारी असते. एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग वाजतात, तो झाला एक तांदा. मग अर्ध्या-एक मिनिटासाठी भलतंच संगीत लागतं, कोर्तिना. कोर्तिना सुरू झाली की जोड्या सुटतात, सगळे आपापल्या खुर्चीवर परततात आणि पुढच्या तांद्यासाठी पुन्हा जोडीदार ठरतात. म्हणजे एका संध्याकाळी माणूस पाच-सहा किंवा त्याहून जास्त जणांना दहा-दहा मिनिटं मिठीत घेऊन नाचतो. त्यातल्या काहींचं नावसुद्धा त्याला ठाऊक नसतं.

तरीही तांदा संपताना अनेकांना वाटतं की या माणसाला आपण फार दिवसांपासून ओळखतो. ही भावना शरीरात कुठून येते, याचा गेल्या वीसेक वर्षांत बराच अभ्यास झाला आहे.

पहिला धागा एकतालाचा. 2009 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात स्कॉट विल्टरमुथ आणि चिप हीथ यांनी विद्यार्थ्यांचे छोटे गट फिरायला पाठवले. काही गटांना पावलात पाऊल मिळवून चालायला सांगितलं, काहींना नेहमीसारखं. नंतरच्या खेळात एकमेकांवर भरवसा ठेवला तरच सगळ्यांचा फायदा होणार होता. तिथे पावलं जुळवून चाललेल्यांनी जास्त सहकार्य केलं. ऑक्सफर्डच्या ब्रॉनविन टार आणि रॉबिन डनबार यांच्या चमूने 2015 मध्ये ब्राझीलमधल्या शाळकरी मुलांना गटागटाने नाचवलं आणि नाचाआधी व नंतर त्यांच्या दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा दुखेपर्यंत फुगवून सहनशक्ती मोजली. एकसारख्या हालचाली करणाऱ्यांना नाचानंतर जास्त दाब सोसवला आणि आपल्या गटाबद्दल जवळीकही जास्त वाटली. वेदना बोथट होणं ही मेंदूत एंडॉर्फिन, म्हणजे वेदना शमवणारी रसायनं, वाढल्याची अप्रत्यक्ष खूण मानली जाते. माकडं एकमेकांची केसं विंचरतात तेव्हाही हीच रसायनं कामाला येत असावीत, असं डनबार यांचं म्हणणं आहे.

टँगोत मात्र दोघांच्या हालचाली एकसारख्या नसतात. एक पुढे येतो तेव्हा दुसरी मागे जाते आणि पुढचं पाऊल आधी ठरलेलंच नसतं. मग ते कळतं कसं? स्पर्शातून. फुगडी घालताना समोरचीचा तोल आपल्या हातांना कळतो, तसाच हा निरोप, फक्त कितीतरी सौम्य. जोडीने पावलं टाकणाऱ्या अनुभवी नर्तकांच्या हातांवरचे जोर अमेरिकेतल्या संशोधकांनी मोजले, तर ते 10 ते 30 न्यूटनच्या आसपास भरले, म्हणजे एक ते तीन किलो वजन तोलायला लागतो तेवढे. ओढाओढीला हा जोर कमी पडेल, इरादा सांगायला पुरतो. फ्रँकफर्टमध्ये सिंथिया किरोगा मुर्सिया आणि सहकाऱ्यांनी 22 टँगो नर्तकांच्या लाळेतली संप्रेरकं तपासली. कधी संगीत काढून घेतलं, कधी जोडीदार. ताणाशी निगडित कॉर्टिसॉल उतरण्याचा संबंध संगीताशी दिसला, टेस्टोस्टेरॉन वाढण्याचा संबंध जोडीदाराशी. नर्तक थोडे होते, त्यामुळे या निष्कर्षावर फार मोठी इमारत बांधू नये.

इथवर सगळं गोड आहे. पण माझ्या मते कोणत्याही टँगो समूहाने समजून घ्यावी अशी गोष्ट याच्या पुढे सुरू होते, आणि ती चौदा महिन्यांच्या बाळांकडून कळते.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात लॉरा सिरेली आणि लॉरेल ट्रेनर यांनी बाळांना कडेवर घेऊन संगीतावर हिंदोळे दिले. समोर उभी असलेली बाई कधी त्यांच्याच तालात हलायची, कधी मुद्दाम वेगळ्या. मग त्या बाईच्या हातून काहीतरी ‘चुकून’ खाली पडायचं. तालात हललेल्या बाईला बाळं ती वस्तू जास्त वेळा उचलून देत. पुढचा प्रश्न या संशोधकांनी फार मार्मिक विचारला: ही मदत तिऱ्हाईत माणसालाही मिळते का? नाही मिळत. मात्र ती तिऱ्हाईत व्यक्ती तालात हललेल्या बाईशी मैत्रीने वागताना बाळाने आधी पाहिली असेल, तर तिलाही मिळते.

म्हणजे एकतालातून जन्मलेला जिव्हाळा आपोआप खोलीभर पसरत नाही. जे सोबत हलले त्यांच्यापुरता तो असतो, आणि बाहेर जायचाच झाला तर ओळखीच्या वाटेने जातो. टँगोच्या बाबतीत याचा अर्थ सरळ आहे. मैफल कितीही रंगली तरी भिंतीकडेच्या खुर्चीवर तासभर बसून राहिलेल्या माणसापर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

त्या माणसाचं काय होतं, यावरही मानसशास्त्रात मोठं काम आहे. मानसशास्त्रज्ञ किप्लिंग विल्यम्स बागेत बसले असताना त्यांच्याजवळ एक फ्रिस्बी आली. त्यांनी ती परत फेकली, दोन अनोळखी माणसांनी त्यांना काही वेळ खेळात घेतलं आणि मग अचानक वगळलं. त्या छोट्याशा प्रसंगाने लागलेलं दुःख त्यांना इतकं अनपेक्षित वाटलं की पुढे त्यांनी त्यावर सायबरबॉल हा संगणकी खेळ बेतला. पडद्यावर तिघं चेंडू फेकत असतात आणि थोड्या वेळाने खऱ्या माणसाकडे चेंडू येणं थांबतं. काही मिनिटांतच आपलेपणा आणि आत्मसन्मान दोन्ही घसरतात. बाकीचे दोघं केवळ संगणकाचे खेळाडू आहेत हे आधी सांगितलं तरीही घसरतात. संगणकाने चेंडू न दिल्याने माणूस खचतो, तर जिवंत माणसांच्या खोलीत सलग चार तांदे कोणी विचारलं नाही तर काय होत असेल! नवी माणसं दोन-तीनदा येतात आणि मग दिसेनाशी होतात, याचं कारण पुष्कळदा पावलं अवघड असणं नसून ही खुर्ची असते, असं मला ठामपणे वाटतं.

मिलोंगात जोडीदार ठरतो तो नजरेने. दुरून बघायचं, नजर भेटली की मान किंचित हलवायची, समोरून होकार आला की उठायचं. याला काबेसेओ म्हणतात. नकार देणाऱ्याला नुसती नजर वळवता येते आणि चारचौघांत कोणाचा अपमान होत नाही. ही रीत मला अतिशय सभ्य वाटते, विशेषतः बायकांना निवडीचा बरोबरीचा हक्क देते म्हणून. पण जो नवा आहे, त्याच्यावरून सगळ्यांची नजर नुसती घरंगळत जाते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात एरिक वेसलमन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं होतं. वाटेने येणाऱ्या काहींकडे पाहून नजर दिली किंवा हसलं, काहींच्या आरपार पाहिलं. लगेच पुढे दुसऱ्याने विचारलं, तर आरपार पाहिले गेलेल्यांना माणसांपासून जास्त तुटल्यासारखं वाटत होतं. म्हणून नाचायचं नसलं तरी नव्या माणसाकडे पाहून हसावं. त्याला वेळ लागत नाही आणि काबेसेओचा नियमही मोडत नाही.

जुन्या ब्यूनोस आयर्समध्ये नवख्यांना सामावून घ्यायची निराळी सोय होती. 1914 च्या जनगणनेत या शहरातली जवळपास निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. इटली, स्पेनमधून आलेले पुरुष बायकांपेक्षा संख्येने जास्त, आणि नाच न येणाऱ्याला जोडीदारीण मिळणं मुश्कील. म्हणून पुरुष पुरुषांसोबत प्राक्तिकात, म्हणजे सरावाच्या बैठकीत शिकत. जुन्या नर्तकांच्या आठवणी सांगतात की नव्या पोराने आधी कित्येक महिने मागे जाणाऱ्याची भूमिका करायची, मुरलेल्या नर्तकाच्या मिठीत. पुढाकार घ्यायची वेळ नंतर. याचा परिणाम बघा: सगळ्यात नवखा माणूस पहिल्या दिवसापासून सगळ्यात जाणत्या माणसासोबत तालात हलत होता.

आजच्या अनेक समूहांत याच्या उलट चालतं. चांगले नर्तक चांगल्यांसोबत नाचतात, त्यामुळे आणखी चांगले होतात, आणि नवे नव्यांसोबत अडखळत राहतात. कुणाच्या मनात वाईट नसताना दोन टोळ्या पडतात. डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी 1998 मध्ये गणिताने दाखवलं की प्रत्येकजण फक्त शेजाऱ्यांशीच जोडलेला असेल अशा जाळ्यातले मोजके दुवे उचलून दूरवर जोडले, तर सगळ्या जाळ्यातली अंतरं झपाट्याने कमी होतात. सगळ्यांनी सगळ्यांसोबत नाचायची गरजच नाही. दहा अनुभवी नर्तकांनी संध्याकाळी एकेक तांदा ओळखीच्या टेबलाबाहेर दिला तरी खोली बदलते.

हा तांदा कर्तव्य म्हणून देऊ नये, एवढी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. मिठीतून तोल आणि इरादा कळतो, तसा कंटाळाही कळतो. शिवाय टँगोच्या रिवाजात तांदा मध्येच सोडणं हा मोठा अपमान, म्हणजे दोघंही अडकतात. ज्याला मनापासून जमत नाही त्याने ओळख करून द्यावी. ‘ही आमच्याकडे नवी आली आहे’ असं म्हणत दोघांना समोरासमोर आणावं. बाळांच्या प्रयोगात जिव्हाळा ज्या वाटेने पुढे गेला, ती हीच वाट.

जोडीदार आणि भूमिका बदलत ठेवायची रीत एका वेगळ्याच ठिकाणीही दिसते. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गॅमन अर्हार्ट आणि मॅडलिन हॅकनी यांनी पार्किन्सनच्या रुग्णांसाठी टँगोचे वर्ग घेतले. मागे चालणं, वळणं, थांबून पुन्हा सुरू होणं, या आजारात जे जे अवघड जातं ते सगळं टँगोत असतं. त्यांच्या आधीच्या अभ्यासांत रुग्णांचा तोल सुधारलेला दिसला होता. मग रायन डंकन आणि अर्हार्ट यांनी 2012 मध्ये वर्षभराच्या चाचणीचे निष्कर्ष दिले: आठवड्यातून दोनदा नाचणाऱ्यांच्या हालचालींतल्या अडचणी कमी झाल्या, न नाचणाऱ्यांच्या गटात तशी सुधारणा दिसली नाही. या पद्धतीच्या वर्गांत जोडीदार वारंवार बदलतात, आणि बाई असो की पुरुष, प्रत्येकाने पुढाकार घेण्याची आणि साथ देण्याची अशा दोन्ही भूमिका आलटून पालटून करायच्या असतात.

पुण्या-मुंबईतही टँगोचे छोटे गट आहेत. छोट्या गटात माणसं लवकर ओळखीची होतात आणि तितक्याच लवकर कंपूही तयार होतो. तिथे सरावाच्या वेळात दर काही गाण्यांनी जोडीदार आणि भूमिका बदलायच्या, अनुभवी मंडळींनी त्या वेळातही थांबायचं, आणि खुर्च्या भिंतीकडेने एका ओळीत न लावता घोळक्यांनी मांडायच्या, म्हणजे नव्या माणसाला बसल्या जागी कोणाशी तरी बोलता येईल.