पिवळा पडलेला खळगा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गावाच्या पूर्व भागातला एक तरुण दुपारच्या उन्हात घरी आला. यंत्रमागावर कामाला असतो, शिबिर लागलं की न चुकता रक्त देतो. दारातच म्हणाला, "काका, रक्तपेढीतनं फोन आलता. एचआयव्हीची तपासणी रिअ‍ॅक्टिव्ह निघालीय म्हणे ओ." बायकोला सांगितलं नव्हतं, दोन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. पुढे सरकारी समुपदेशन केंद्रात त्याचं रक्त पुन्हा घेतलं, वेगळ्या किटवर तपासलं. काहीही निघालं नाही. पहिली चाचणी फक्त संशयित वेगळे काढण्यासाठी असते, हे फोनवर कुणी दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर त्या दोन रात्री त्याला झोप लागली असती.

रक्तपेढीत अशी चाचणी बऱ्याचदा तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या ताटलीत होते. अप्पेपात्रासारखे खळगे, पण बारीक, एकूण 96. तंत्रज्ञ आठ तोंडांच्या पिपेटने एका दमात आठ खळगे भरतो. खळग्याच्या तळाला विषाणूची प्रथिनं आधीच चिकटवलेली असतात. रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) असतील तर ती तिथे धरून बसतात, बाकी सगळं धुऊन जातं. मग रंग आणणारं विकर (एन्झाइम) जोडलेला रेणू घालायचा, तो प्रतिपिंडांना चिकटतो. पुन्हा धुवायचं, वर विकरामुळे रंग बदलणारं द्रव्य. काही मिनिटांत एखादा खळगा निळा होऊ लागतो. आम्लाचा थेंब पडला की निळ्याचा झटकन पिवळा होतो आणि यंत्र 450 नॅनोमीटरच्या प्रकाशात तो पिवळेपणा मोजतं. ही एलायझा पद्धत 1971 मध्ये स्टॉकहोमला एंगवाल आणि पर्लमान या संशोधकांनी मांडली. नेदरलँड्समधल्या एका गटानेही त्याच वर्षी स्वतंत्रपणे. ताटली त्याहून जुनी आहे. हंगेरीत फ्लूची साथ असताना ग्युला ताकाची या डॉक्टरने 1951 मध्ये अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्यात हाताने खळगे पाडून ती तयार केली होती.

मी त्या तरुणाला कागदावर ताटली काढून दाखवली. आठ आडव्या ओळी, बारा उभ्या. मागावर उभं आयुष्य गेलेल्याला उभं-आडवं समजावून सांगावं लागत नाही. सुरुवातीच्या चार-पाच खळग्यांवर बोट ठेवून त्याने विचारलं, "हे कुणाचं रक्त?" ते कुणा दात्याचं नसतं. एकात नुसतं द्रावण, काहींत नक्की निरोगी नमुना, काहींत नक्की बाधित. ते जसे यायला हवेत तसे आले नाहीत, तर अख्खी ताटली रद्द. मला या साऱ्या खटाटोपात सगळ्यात जास्त आदर वाटतो तो या खळग्यांचा.

आता थोडा हिशेब. समजा 1 लाख लोकांत 100 जणांना एखादा आजार आहे. चाचणी उत्तम आहे: शंभरातल्या 99 आजाऱ्यांना पकडते, शंभरातल्या 99 निरोग्यांना सोडून देते. म्हणजे 99 खरे रुग्ण सापडले. पण निरोगी 99,900 जणांतल्या एक टक्क्याचे, म्हणजे 999 जणांचे, खळगेही पिवळे झाले. अकरा पिवळ्यांमागे खरा एक. चाचणीत खोट नाही. आजारच दुर्मीळ आहे. रक्तपेढीत तर किती पिवळं झालं की संशय धरायचा, ती मर्यादा मुद्दाम खाली ठेवतात, कारण एक बाधित पिशवी सुटली तर ती थेट कुणाच्या तरी नसेत जाते. संशय आला की पिशवी बाद करायची, दात्याला मात्र खात्री होईपर्यंत 'रुग्ण' म्हणायचं नाही.

औषध शोधणारी मंडळी नेमका हाच हिशेब रोज मांडतात. त्यांच्याकडे माणसांऐवजी रसायनं असतात, लाखांनी. ताटली तेवढीच, पण खळगे 384 किंवा 1536. यंत्राचे हात दिवसाला लाखभर खळगेसुद्धा तपासू शकतात. प्रत्येकात रोगाशी निगडित एखादं प्रथिन किंवा जिवंत जंतू आणि एकेक रसायन. प्रथिनाचं काम किंवा जंतूची वाढ थांबली की खळगा 'हिट'. बातमी इथेच छापून येते, आणि खरी मेहनत इथून पुढे असते.

कारण फसवायला सगळेच टपलेले असतात. अप्पेपात्रात मधले अप्पे आधी करपतात. ताटलीत उलट, कडेचे खळगे आधी तापतात, आधी आटतात आणि खोटा आकडा दाखवतात. काही रसायनं पाण्यात गोळा होतात आणि प्रथिन त्या गोळ्याला चिकटून निकामी होतं. साबणासारखा पदार्थ किंचित घातला की गोळे फुटतात आणि 'औषधाचा' गुण नाहीसा होतो. आपल्या हळदीतलं कर्क्युमिनही या फसवणाऱ्यांच्या यादीत आहे. ते स्वतःच चमकतं, कितीतरी प्रथिनांशी लगट करतं आणि द्रावणात पटकन विघटित होतं, त्यामुळे नाना तऱ्हेच्या चाचण्यांत 'हिट' ठरतं. हळद जेवणात राहू द्या, पण 'हळदीने अमुक रोग बरा' असा फॉरवर्ड आला, तर हे आठवावं.

एवढ्या चाळण्या लावूनही हाती काही लागतं. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो, म्हणून संशोधकांनी त्याच्या वेगाने वाढणाऱ्या एका भाऊबंदावर रसायनं तपासली. त्यातून बेडाक्विलिन निघालं. जंतूची ऊर्जा बनवणारं यंत्रच ते अडवतं. शोधनिबंध 2005 चा, अमेरिकेतली मान्यता डिसेंबर 2012 ची. निबंधापासून मान्यतेपर्यंतच इतका काळ गेला. नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर ती गोळी आज राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत मिळते. दाट वस्तीच्या आमच्या गावात हे किती मोलाचं आहे, ते क्षयाचा रुग्ण घरात पाहिलेल्यांना विचारा.

परवा तो तरुण पुन्हा आला होता. रिपोर्टचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. विचारत होता, "काका, मला परत रक्त देता येईल का ओ?" ते ठरवायचं काम रक्तपेढीच्या डॉक्टरांचं. सोमवारी त्याची दुसरी पाळी आहे, त्यामुळे सकाळीच आम्ही दोघं जाऊन विचारणार आहोत.