कलादालन-निवास (सोलापुरातील जुन्या वास्तूंचे रूपांतर)

जुना वाडा किंवा घर-कारखाना न पाडता त्याच्या एका भागात चित्र-शिल्पांच्या प्रदर्शनासाठी दालन आणि उरलेल्या भागात राहते घर करण्याची पद्धत. काम आणि वास्तव्य एकाच छताखाली असणे सोलापूरला नवे नाही. पूर्व भागातील विणकर कुटुंबांत माग आणि संसार शेजारी शेजारीच असत.

या वास्तूंच्या मूळ आराखड्याबद्दल मतभेद आहेत. चौकाभोवती सोपे (चौकाकडे उघडे, खांबांचे ओसरीवजा भाग), मागे माजघर ही रचना काही अभ्यासक यादवकाळापर्यंत मागे नेतात. काही ती बहमनी-आदिलशाही अमदानीशी जोडतात, तर काहींच्या मते ती पेशवाईत स्थिरावली. लाकूड-मातीचे बांधकाम वरचेवर नव्याने केले जात असल्याने जुना पुरावा क्वचितच उरतो, आणि उभे असलेले वाडे बहुधा अठराव्या-एकोणिसाव्या शतकांपलीकडे जात नाहीत. सपाट छत व जाड भिंती ही कोरड्या पठाराची देणगी, तर कोरीव खांब-हस्त (खांबावरचे आधार) आणि दर्शनी भाग यांवर पेशवाईची छाया, हे मत अधिक ग्राह्य वाटते. शहरातील पुष्कळ घरे मात्र याहून अलीकडची आहेत. रेल्वे आल्यानंतर आणि 1877 मध्ये पहिली कापड गिरणी निघाल्यानंतर वस्ती झपाट्याने वाढली.

रूपांतराचा खरा कस माळवदात, म्हणजे मातीच्या सपाट छतात, लागतो. तुळयांवर कड्या (आडवी लाकडे), त्यांवर फळ्या किंवा छिलपे, मग पाला आणि वर चोपलेली माती असे हे छत. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढरी किंवा चिकण माती टाकून चोपावी लागते. वर्षानुवर्षे थरावर थर चढत जातात. 30 सेंमी जाडीच्या मातीचे वजन दर चौरस मीटरला साधारण 450 ते 500 किलो भरते, आणि भिजल्यावर ते आणखी वाढते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदे कोसळून फार मोठी जीवितहानी झाली. त्यानंतर अनेकांनी माळवद काढून पत्रा घातला. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात पत्र्याखालचे दालन चित्रांना आणि माणसांनाही जाचक ठरते. म्हणून साचलेले थर उतरवून भार हलका करणे, वाळवी लागलेल्या कड्या बदलणे, भिंतीच्या दोन्ही पाखांना (आतल्या व बाहेरच्या थरांना) जोडणारे आरपार दगड बसवणे आणि भिंतींच्या माथ्यावरून सलग पट्टा बांधणे हा मार्ग जपणुकीच्या दृष्टीने श्रेयस्कर होय.

भिंतींना सिमेंटचा गिलावा देणे ही सर्वांत सर्रास चूक. जोत्यातून चढणारी ओल त्यामागे कोंडते, क्षार साचून लोणा लागतो आणि चित्रांच्या चौकटींच्या मागे बुरशी धरते. दगडी चाकाच्या घाणीत मळलेल्या चुन्याच्या गिलाव्यातून ओल बाहेर पडू शकते. त्यात गूळ, हिरडा, बेलफळ किती घालावे याबाबत कारागिरांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. तो पुरता वाळण्याआधी चित्रे टांगू नयेत. नंतरही गिलाव्यात खिळे ठोकण्यापेक्षा तुळईखालच्या पट्टीवरून तारेने टांगणे बरे.

कागद, जलरंग व कापड यांच्यासाठी 50 लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांसाठी 200 लक्सपर्यंत प्रकाश हा रूढ दंडक आहे. चौकातील ऊन त्याच्या कित्येक पट असते. त्यामुळे चौकाला लागून असलेला सोपा शिल्पांना द्यावा आणि मधल्या, अंधाऱ्या खणांत (खांबांमधल्या भागांत) चित्रे व जुनी वस्त्रे ठेवावीत. राहते घर सामान्यतः मागच्या बाजूस किंवा माडीवर नेतात. मोरी व स्वयंपाकघर दालनाच्या भिंतीला लागून असू नये.

सोलापूरचा भुईकोट किल्ला केंद्र-संरक्षित असल्याने 1958 च्या प्राचीन स्मारक अधिनियमातील 2010 ची दुरुस्ती लगतच्या वस्तीला लागू पडते. संरक्षित हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत नियंत्रित आहे. निषिद्ध पट्ट्यातील जुन्या घराची दुरुस्ती करता येते, परंतु तीही सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीनेच.