फोन घराचा की माणसाचा? वयानुसार मोबाइल मालकीची पुण्यातील पार्श्वभूमी

एखाद्याचा मोबाइल क्रमांक ९८२२ किंवा ९८२३ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो साधारण कोणत्या काळात घेतला असावा याचा अंदाज जुन्या पुणेकराला लगेच येतो. १९९७ च्या सुमारास महाराष्ट्र परिमंडळात दोन कंपन्यांनी मोबाइल सेवा सुरू केली. त्यांतील बिर्ला एटी अँड टी, म्हणजे पुढची आयडिया, हिच्याकडे ९८२२ ही मालिका होती आणि बीपीएलकडे ९८२३. तेव्हा चाळिशीत असलेला डॉक्टर, बांधकाम व्यावसायिक किंवा लक्ष्मी रस्त्यावरचा व्यापारी आज सत्तरीच्या आसपास आहे, आणि क्रमांक बहुधा त्याने तोच जपला आहे. त्याच्या पत्नीला, मुलाला, आईला आणि नातवाला स्वतःचा फोन मिळाला तो वेगवेगळ्या वर्षी आणि वेगवेगळ्या कारणांनी. मोबाइलच्या प्रसाराचा इतिहास सहसा कंपन्यांचा, दरांचा किंवा तंत्रज्ञानाचा म्हणून सांगितला जातो. मला तो कुटुंबातल्या वयाच्या उतरंडीचा इतिहास वाटतो, आणि आजचे आकडे वाचायचे असतील तर तो तसाच सांगायला हवा.

मोबाइलच्या आधी फोनला वय नव्हते, कारण फोन माणसाचा नव्हताच; तो घराचा होता. ऐंशीच्या दशकात फोनसाठी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहावी लागत असे, आणि वाड्यात किंवा सोसायटीत एखाद्याकडे फोन आला की तो आपोआप सगळ्या शेजाऱ्यांचा होई. त्या काळच्या लग्नपत्रिकांवर आणि व्यवसायाच्या कार्डांवर क्रमांकापुढे 'पी. पी.' ही दोन अक्षरे छापलेली असत. क्रमांक दुसऱ्याचा आहे, तिथे फोन करा, ते आम्हाला बोलावून देतील, एवढा सगळा मजकूर त्या दोन अक्षरांत मावत असे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने देशी बनावटीची एक्स्चेंज तयार केली, त्यानंतर गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांची एसटीडी-पीसीओ केंद्रे उभी राहिली, आणि ज्यांच्या घरी फोन नव्हता त्यांनाही बाहेरगावी बोलता येऊ लागले. सदाशिव पेठेत किंवा डेक्कनवर खोली घेऊन राहणारे विद्यार्थी रात्री अकरानंतर, दर एक चतुर्थांश झाल्यावर, बूथपुढे रांग लावत आणि समोरच्या यंत्रावर पळणाऱ्या लाल आकड्यांकडे पाहत घरच्यांशी बोलत. घरच्या फोनवर मात्र बिल भरणाऱ्याचा, म्हणजे बहुधा वडिलांचा किंवा आजोबांचा, अधिकार चालत असे. डायलला छोटेसे कुलूप लावण्याची पद्धत अनेक घरांत होती, आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे यावरून घराची रचना कळत असे.

भारतात मोबाइलवरचा पहिला संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि दिल्लीहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम एकमेकांशी बोलले. सुरुवातीच्या परवान्यांत हवाई वेळेच्या (एअरटाइम), म्हणजे मोबाइलवर बोलण्याच्या, दराची कमाल मर्यादा सर्वसाधारण वेळी मिनिटाला ८.४० रुपये आणि गर्दीच्या वेळी १६.८० रुपये होती. शिवाय आलेला फोन घेण्यासाठीही पैसे पडत, त्यामुळे क्रमांक कोणाला द्यायचा हा विचार करूनच ठरवला जाई. असा फोन परवडणे आणि त्याची गरज असणे या दोन्ही गोष्टी एकत्र येत त्या कमावत्या, मध्यमवयीन, बहुतांशी पुरुषांच्या बाबतीत. त्यांच्यातलेही पुष्कळ जण काही काळ कमरेला पेजर लावून, निरोप आला की जवळचा पीसीओ गाठत होते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरचे ठरावीक परवाना शुल्क काढून महसुलातला वाटा घेण्याची पद्धत आणली आणि दर उतरू लागले, तरी पहिली पाच-सहा वर्षे मोबाइल चाळिशी-पन्नाशीच्या खिशातच राहिला.

हे चित्र बदलले ते २००२ ची अखेर आणि २००३ चा मध्य या अवघ्या काही महिन्यांत. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमने मोबाइल सेवा सुरू केली. २८ डिसेंबर २००२ रोजी रिलायन्स इन्फोकॉमची सेवा आली, आणि पुढच्या पावसाळ्यात त्या कंपनीने ५०१ रुपये भरून हँडसेट घरी नेण्याची योजना काढली. माझ्या दृष्टीने याहून महत्त्वाची तारीख १ मे २००३ ही आहे, कारण त्या दिवसापासून इनकमिंग मोफत झाले. फोन करणाऱ्याने पैसे द्यायचे, घेणाऱ्याने नाही, हा नियम वरवर हिशेबाचा दिसतो. पण ज्याला स्वतःचे उत्पन्न नाही अशा माणसालाही फोन बाळगता येईल, ही गोष्ट त्याच नियमाने शक्य केली. विद्यार्थी, नोकरी शोधणारा, गृहिणी, निवृत्त वडील हे सगळे ऐकणारे लोक होते, आणि ऐकणे आता फुकट होते. त्याच वर्षी बाजारात आलेल्या, डोक्यावर विजेरी असलेल्या नोकिया ११०० ने हँडसेटचा प्रश्नही बऱ्याच अंशी सोडवला. ऑक्टोबर २००४ मध्ये देशातील मोबाइलची संख्या स्थिर फोनपेक्षा जास्त झाली.

पुण्यात या बदलाला जी गती मिळाली ती शहराच्या वयोरचनेमुळे. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून शिक्षणासाठी आलेली मुले-मुली, स्पर्धा परीक्षांची तयारी करत पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेली तरुण मंडळी, हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये आणि रात्रपाळीच्या कॉल सेंटरमध्ये पहिला पगार घेणारी विशीतली पिढी, असा मोठा तरुण वर्ग इथे घरापासून दूर राहत होता. त्यांच्यासाठी फोन ही चैन नव्हती, कारण त्यांच्या खोलीला स्थिर फोन मिळण्याची शक्यताच नव्हती आणि घरमालकाच्या फोनवर किती वेळा निरोप ठेवायचा यालाही मर्यादा होती. गावाकडच्या वडिलांनी मुलीला पुण्यात शिकायला पाठवताना हातात मोबाइल दिला, ही गोष्ट त्या दशकात हजारो घरांत घडली. मुलीला स्वातंत्र्य मिळाले आणि त्याच वस्तूने वडिलांना रोज रात्री ती कुठे आहे हे विचारण्याची सोयही मिळाली. मालकी तिची असली तरी रिचार्ज त्यांचा होता.

'मिस्ड कॉल' या शब्दाला मराठीत जो पूर्ण अर्थ आला तोही याच मुलांमुळे. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये, असे संकेत गटागटांत ठरलेले असत. एसएमएसमध्ये रोमन अक्षरांत १६० वर्ण मावत, देवनागरीत मात्र ७० च. त्यामुळे मराठी वाक्ये रोमन लिपीत आखडून लिहिण्याची सवय लागली, आणि ती लिपी मोठ्यांना वाचता येत नसल्याने तिला आपोआप खासगीपणा आला. २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम इनकमिंग'च्या योजना आल्या आणि १ मार्च २००६ पासून भारत संचार निगमने देशभर कुठेही मिनिटाला एक रुपया हा दर लागू केला. पिवळी केंद्रे एकेक करून झेरॉक्स, कुरिअर आणि रिचार्जची दुकाने झाली. या केंद्रांच्या वाटपात अपंग व्यक्तींना प्राधान्य होते, त्यामुळे अनेकांची उपजीविका त्यांवर उभी होती; स्वस्त मोबाइलची किंमत त्यांनीही मोजली, याची नोंद फारशी कुठे होत नाही.

घरातल्या बाईकडे फोन आला तो बहुतेक वेळा नवा नव्हता. मुलाने किंवा नवऱ्याने नवीन मॉडेल घेतले की जुने आईकडे जाई, आणि तपकीर गल्लीतून पन्नास रुपयांचे कव्हर आणून त्याला नवे रूप दिले जाई. २००१ च्या जनगणनेत देशातील ९.१ टक्के कुटुंबांकडे फोन होता. २०११ मध्ये ते प्रमाण ६३.२ टक्के झाले, आणि एकूण कुटुंबांपैकी ५३.२ टक्के कुटुंबांकडे फक्त मोबाइल होता. परंतु जनगणना घर मोजते, घरातला माणूस नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने स्त्रियांना 'तुम्ही स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का' असे विचारले, तेव्हा २०१५-१६ मध्ये देशात ४५.९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ५४ टक्के स्त्रियांनी होकार दिला. हा प्रश्न १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांना विचारला जातो. म्हणजे पन्नाशी ओलांडलेली आई आणि सत्तरीतली आजी या हिशेबात येतच नाहीत. वयानुसार मालकीची चर्चा करताना ही पोकळी लक्षात ठेवली नाही, तर आकड्यांवरून चुकीचा निष्कर्ष निघतो.

त्या पोकळीतली माणसे पुण्यात थोडीथोडकी नाहीत. कोथरूड, सहकारनगर, औंध या भागांत मुले परदेशी आणि आई-वडील दोघेच इथे, अशी घरे पुष्कळ आहेत. ऑक्टोबर २०१२ मध्ये एअरटेलची फोर-जी सेवा सुरू होणाऱ्या देशातील पहिल्या काही शहरांत पुणे होते, आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आल्यावर इंटरनेट साधारण खर्चात घरोघर पोहोचले. ज्येष्ठांच्या हातात टचस्क्रीन आला तो मुख्यतः व्हिडिओ कॉलसाठी. सुट्टीवर आलेला मुलगा आपला जुना स्मार्टफोन आईला देऊन, व्हॉट्सअ‍ॅप बसवून, हिरवे बटण कुठे दाबायचे ते कागदावर लिहून परत गेला, अशी ही सुरुवात होती. आधी फोन मोठ्यांकडून लहानांकडे गेला होता; आता तो, आणि तो कसा वापरायचा याचे ज्ञानही, लहानांकडून मोठ्यांकडे येऊ लागले. ज्येष्ठ नागरिक संघांच्या बैठकांत मोबाइल शिकवण्याचे वर्ग भरू लागले ते यानंतर.

हौसेचा हा भाग फार काळ राहिला नाही. त्याची जागा सक्तीने घेतली. बँकेच्या व्यवहाराला ओटीपी, आधारला मोबाइल क्रमांक, गॅस सिलिंडरच्या नोंदणीला मोबाइल, आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर भाजीवाल्यासमोरही क्यूआर कोड, असे एकेक दार फोनच्या किल्लीने उघडू लागले. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी नोव्हेंबर २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' ही डिजिटल सोय आली आणि २०२१ पासून स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखून तो देता येऊ लागला; अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे. मात्र १ मार्च २०२१ पासून साठीपुढच्यांचे कोविड लसीकरण सुरू झाले, तेव्हा उलट बाजूही दिसली. ज्या शहराच्या हडपसरमध्ये ती लस तयार होत होती, तिथल्याच ज्येष्ठांची पोर्टलवरची नोंदणी मुले, शेजारी किंवा सोसायटीतले तरुण आपल्या मोबाइलवरून करत होते. सुरुवातीला एका क्रमांकावर चार जणांची नोंद होऊ शकत होती. धोरण आखणाऱ्यांनीच हे मान्य केले होते की प्रत्येक नागरिकाकडे स्वतःचा फोन नसतो. इतर सेवांत तेवढी समज अजून दिसत नाही, असे माझे मत आहे.

साधा, बटणांचा फोन वापरणाऱ्या ज्येष्ठांना आणखी एक फटका २०१८ च्या अखेरीस बसला. 'लाइफटाइम' म्हणून घेतलेल्या क्रमांकांवरही इनकमिंग चालू ठेवण्यासाठी दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज बंधनकारक झाला, आणि पुढे ही रक्कम वाढत गेली. जी सोय २००३ मध्ये न कमावणाऱ्यांसाठी दार ठरली होती ती येथे संपली. इंटरनेट न वापरणाऱ्यालाही डेटासकट पॅक घ्यावा लागतो ही तक्रार अखेर दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऐकली आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ कॉल आणि एसएमएस यांसाठीचा स्वतंत्र पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले.

मुलांपर्यंत फोन पोहोचण्याची पायरी सर्वांत शेवटची आणि सर्वांत वेगवान. महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले, काही दिवसांत शाळा बंद झाल्या, आणि वर्ग फोनवर भरू लागले. 'प्रथम' या शिक्षण क्षेत्रातील संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. एकाच फोनवर दोन भावंडांचे तास आणि वडिलांचे काम, अशी ओढाताण असलेल्या घरांनी कर्ज काढून दुसरा फोन घेतला. शाळा उघडल्या तरी तो फोन परत गेला नाही. २०२४ च्या त्याच पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलांपैकी २७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, सोळाव्या वर्षी ३७.८ टक्क्यांकडे, आणि २०२३ च्या फेरीत चौदा ते अठरा वयोगटात मुलांमध्ये हे प्रमाण ४३.७ टक्के, तर मुलींमध्ये १९.८ टक्के होते. हे आकडे खेड्यांतले आहेत, पुणे शहराचे नव्हेत. पण ज्या पेठांत आणि वसतिगृहांत या मुली पुढे शिकायला येतात, तिथे त्या पहिला स्वतःचा फोन अनेकदा अठराव्या वर्षी, घर सोडताना घेतात, हे त्यावरून समजते.

कायद्याच्या भाषेत मात्र यांतल्या कोणत्याच मुलाच्या नावावर क्रमांक नाही. अठरा वर्षांखालील व्यक्तीला सिमकार्ड देता येत नाही, हे दूरसंचार विभागाने २०२१ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही अठराखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. त्यामुळे मुलाचा फोन आईच्या किंवा वडिलांच्या नावावर, आणि एका व्यक्तीच्या नावावर नऊपर्यंत जोडण्या घेता येत असल्याने, बरेचदा आजोबांचा फोनही त्याच नावावर असतो. २०२५ च्या जानेवारी ते मार्चदरम्यान झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ८५.५ टक्के कुटुंबांकडे किमान एक स्मार्टफोन आढळला आणि १५ ते २९ वयातील ९७.१ टक्के व्यक्तींनी मागील तीन महिन्यांत मोबाइल वापरला होता. पण वापरणारा आणि नोंदीतला मालक एकच आहे का, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही.

हा फरक घरच्यांना उमगतो तो एखादी व्यक्ती गेल्यावर. ९८२२ च्या पिढीतले बरेच जण आता राहिलेले नाहीत. त्यांचे बँक खाते, विम्याची कागदपत्रे, आधार आणि सोसायटीची नोंद सगळे त्या एका क्रमांकाशी जोडलेले असते, आणि वारसाच्या नावावर क्रमांक करून घेण्यासाठी मृत्यूच्या दाखल्यापासून कागदांची जुळवाजुळव करावी लागते. तोवर क्रमांक बंद पडू नये, कारण बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे स्पष्ट झाले आहे. म्हणून पुण्यातल्या कित्येक घरांत कपाटाच्या खणात असा एक फोन चार्ज करून ठेवलेला असतो, आणि पूर्वी ज्यांना तो हातात घेण्याचीही मुभा नव्हती त्या आजी दर २८ दिवसांनी त्यात न चुकता रिचार्ज भरत असतात.