वाइमांगू

वाइमांगू : न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, रोटोरुआ शहराच्या दक्षिणेस असलेली ज्वालामुखी दरी. माओरी या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत वाइ म्हणजे पाणी, मांगू म्हणजे काळे.

उष्णोदकाचे क्षेत्र नेमके कधी जन्मले हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. या दरीची मात्र जन्मतारीखच ठाऊक आहे. १० जून १८८६ रोजी पहाटेपूर्वी तारावेरा पर्वत फुटला. जमिनीला पडलेली सुमारे १७ किमी. लांबीची भेग रोटोमाहाना सरोवर चिरत येथवर आली. सुमारे १२० माणसे मेली, त्यांत बहुतेक माओरी होती. ‘ते वाइरोआ’ नावाचे गाव राख-चिखलाखाली गाडले गेले. सरोवराकाठच्या ज्या सिलिका या खनिजाच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या पाहायला दूरदेशांहून लोक येत, त्याही नाहीशा झाल्या. दरीत आज दिसणारे मानुका, कानुका ही झुडपे आणि नेचे यांचे रान त्यानंतरच उजाड राखेत रुजले आहे.

दरीला नाव मिळाले ते एका गायझरमुळे, म्हणजे गरम पाणी उंच उसळवणाऱ्या झऱ्यामुळे. १९०० ते १९०४ या काळात तो दगड-चिखलाने काळवंडलेले पाणी ४०० मीटरांपेक्षाही उंच उडवी. एवढा मोठा गायझर जगात दुसरा नोंदलेला नाही. १९०३ मध्ये त्याच्या उद्रेकात सापडून ४ जण दगावले. न्यूझीलंडच्या पहिल्या मोठ्या रग्बी दौऱ्याचा कर्णधार जो वॉरब्रिक हा त्यांतलाच एक; तो येथे वाटाड्याचे काम करी. पुढच्याच वर्षी गायझर थांबला, तो कायमचा.

१९१७ च्या उद्रेकानंतर फ्राइंग पॅन सरोवर तयार झाले. सुमारे ३.८ हेक्टरांचा हा विस्तार म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या उन्हाळ्यांपैकी एक. (गरम पाण्याच्या झऱ्याला कोकणात उन्हाळे म्हणतात, तिकडची उन्हाळी मात्र जिवंत ज्वालामुखीवर तापत नाहीत.) पाणी उकळताना दिसते, पण ते बुडबुडे वायूंचे असतात, तापमान ५०–६० अंश सेल्सियसच्या आसपास राहते.

खरे नवल इन्फर्नो विवराचे. त्यातले आम्लयुक्त, फिकट निळे पाणी साधारण ३८ दिवसांच्या चक्रात कित्येक मीटर चढते, काठावरून वाहू लागते आणि पुन्हा खाली जाते. चढतीला ते सुमारे ८० अंशांपर्यंत तापते, ओहोटीला बरेच निवते. इन्फर्नो भरून वाहू लागले की फ्राइंग पॅनमधून वाहणारे पाणी घटते, म्हणजे दोघांची मुळे जमिनीखाली एकच आहेत. म्हणून एकदा पाहून हे विवर कळत नाही. खोल गेलेले आणि काठोकाठ भरलेले अशी त्याची दोन्ही रूपे पाहावीत.

पायवाट उताराची असून सुमारे ४ किमी. चालले की रोटोमाहाना येते. परतीला बस मिळते. चालणे गरम ओढ्याच्या सोबतीने होते. ओढ्याच्या काठावर सिलिकेचे थर आणि उष्णता सोसणाऱ्या शैवालांचे हिरवे-केशरी पट्टे दिसतात. आखलेली वाट सोडू नये, कारण वरून घट्ट वाटणारी जमीन आतून पोकळ व तापलेली असू शकते. सरोवरावर नाव वाफाळत्या कड्यांच्या अगदी जवळून जाते. हरवलेल्या पायऱ्या या परिसरात कोठे होत्या, हेही नावेतून दाखवतात.