सही करणारा वेगळा, सांभाळणारा वेगळा

जळगाव असो की धुळे, दवाखान्यात डिस्चार्जच्या वेळी जरा उभं राहून बघा. बिलाच्या खिडकीशी थोरला मुलगा, पुण्याहून नाहीतर सुरतेहून रातोरात आलेला. फाइल त्याच्याच हातात पडते, गोळ्या त्यालाच समजावल्या जातात, तोही मान हलवत राहतो. रजा संपली की तो कामावर परत. इकडे घरी सून लघवीची पिशवी हातात धरून उभी, ही टांगायची कुठे म्हणून.

सही करणारा कोण, हे सगळ्यांना ठाऊक असतं. फॉर्मवर नातं लिहितो, डिपॉझिट भरतो, ऑपरेशनच्या कागदावर सही करतो. त्यातही पेशंट सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर संमती पेशंटचीच लागते. समीरा कोहली खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००८ साली हेच सांगितलं. पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेतली होती, ती चालली नाही. कारण जिवावर बेतलेलं नव्हतं. मेडिक्लेमचा नॉमिनी पैशापुरता आणि वॉर्डाचा पास ज्याच्याकडे तो भेटीच्या वेळेपुरता. त्यांचं सोडा.

घोळ होतो तो सांभाळणाऱ्याबाबत. जो कर्ता, जो पैसे भरतो, तोच सांभाळणार असं आपण धरून चालतो. नाहीतर "सूनबाई बघतील" म्हणून मोकळे होतो. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. सूनबाईंना कोणी विचारलेलं असतं का? कापूस वेचणीच्या दिवसांत ती सकाळीच शेतात जाते, मग दुपारचं इंजेक्शन कोण देणार?

सांभाळणारा निवडताना मान, नातं, वय काही बघू नये. रात्री घरात कोण असतं, ते बघावं. आणि पेशंटला कोणाची लाज वाटत नाही, ते त्याहून आधी बघावं. खुब्याचं ऑपरेशन झालेले आबा सुनेकडे लघवीचं भांडं मागत नाहीत. "माले लाज वाटस" एवढंही बोलत नाहीत, गुपचूप पाणी पिणं कमी करतात. मग लघवीची जळजळ, ताप, पुन्हा दवाखाना. अशा वेळी आबांचा पारावरचा दोस्त किंवा शेजारचा भाचा मुलापेक्षा शंभर पटीने बरा. दोस्त चालतो का, असं लोक मला विचारतात. चालतो, उलट मी तर आधी त्याचंच नाव घेईन.

अमेरिकेत यासाठी कायदेच आहेत. ओक्लाहोमा राज्याने २०१४ मध्ये सुरुवात केली, मग बऱ्याच राज्यांनी केले. पेशंट स्वतः नाव सांगतो, नातेवाइकाचं किंवा मित्राचं. हॉस्पिटल ते नोंदवतं, डिस्चार्जआधी त्या माणसाला कळवतं आणि घरी काय करायचं ते शिकवतं. नाव दिलं म्हणून त्याच्यावर सक्ती मात्र नाही. आपल्याकडे हे आपणच मागून घ्यायचं.

म्हणजे ॲडमिट केलं त्याच दिवशी पेशंटला विचारायचं, घरी तुमचं कोणी करावं? मग त्या माणसालाही विचारायचं, जमेल का. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्याला वॉर्डात बोलवायचं. सिस्टर करून दाखवतात तेवढ्यावर भागत नाही. त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर करून दाखवायचं. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच राहिली पाहिजे. गाडीत बसवताना लोक ती हौसेने पेशंटच्या छातीवर ठेवतात आणि लघवी उलटी आत जाते. पिशवी फरशीवरही टेकवायची नाही. खुब्याचा सांधा बदलला असेल तर उकिडवं बसणं, मांडी घालणं बंद. कमोडची खुर्ची पेशंट घरी येण्याआधी आणून ठेवायची. यातलं काहीही पुण्याला व्हिडिओ कॉल लावून शिकता येत नाही, कितीही चांगला फोन असो.

थोरल्याने वाईट वाटून घेऊ नये. बिल, डॉक्टरांशी बोलणं, कागद हे त्याच्याकडेच राहू दे. फक्त डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स सांभाळणाऱ्याकडे द्या. जखमेतून पू, थंडी वाजून ताप, एका पोटरीला सूज, दम लागणं, यातलं काही दिसलं तर थोरल्याला विचारत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा, एवढं सांभाळणाऱ्याला सगळ्यांसमोर सांगून ठेवा.