मायकोरायझा बुरशीची जनुकक्रिया

मायकोरायझा म्हणजे झाडाचे मूळ आणि बुरशी यांची भागीदारी. मूळ जिथे पोचत नाही तिथल्या मातीतून बुरशीचे तंतू स्फुरद आणि पाणी आणतात, झाड त्यांना अन्न पुरवते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट फ्रांक यांनी १८८५ साली या जोडीला नाव दिले. विदर्भात ते नाव आता कृषी केंद्रातल्या पाकिटांवरून खेडोपाडी पोचले आहे. या बुरशीची कोणती जनुके केव्हा कामाला लागतात याचा शोध म्हणजे जनुकक्रियेचा अभ्यास.

शेतकऱ्याच्या गोठ्यात वखर, तिफण, डवरा सगळेच असते. पण तिफण निघाली म्हणजे पेरणी सुरू आहे, डवरा निघाला म्हणजे पीक वर आले आहे, हे बघणाऱ्याला कळते. जनुकांचेही तसेच. जिनोम, म्हणजे सगळ्या जनुकांचा संच, ही गोठ्यातली सगळी अवजारे. त्यातले आज कोणते बाहेर निघाले, ते आरएनए, म्हणजे कामाला लागलेल्या जनुकाची पेशीत तयार होणारी नक्कल, सांगतो.

विदर्भातल्या सागवान, मोह, तेंदू आणि बांबूच्या मुळांत जी बुरशी असते ती मुळाच्या पेशीत शिरून बारीक झुडपासारखी फांद्या फोडते. एक झुडूप काही दिवसच टिकते. तिला छत्री येत नाही, त्यामुळे जंगलात ती नजरेस पडत नाही. पावसाळ्यात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या सात्या या छत्र्या वाळवीच्या वारुळातल्या बुरशीच्या. त्यांचा मुळांशी संबंध नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरात साल वृक्षाखाली मिळणारा बोडा ही खाण्याची बुरशी; तो मात्र मुळांच्या सोबतीनेच वाढतो. त्याचे तंतू पेशीत न शिरता मुळाभोवती आवरण धरतात.

या अभ्यासातले सगळ्यात नाजूक काम, नमुना घेणे, जंगलातच असते. सब्बलीने मुरूम फोडून सागाचे बारीक, दोऱ्याएवढे मूळ मोकळे करायचे. ते तुटताच पेशींची जनुकक्रिया बदलू लागते आणि आरएनए झपाट्याने विघटित होतो. म्हणून मूळ तिथेच द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर गोठवतात. गावात कृत्रिम रेतनासाठी येतो तो थंडगार कॅन याच नायट्रोजनचा. तो नसेल तर अमोनियम सल्फेटच्या संपृक्त द्रावणात बुडवतात. मातीची धूळ आणि मुळातले टॅनिन पुढच्या प्रक्रियेत अडथळा आणतात. त्यातही नमुन्यातला बहुतांश आरएनए झाडाचा आणि राहिलेला थोडा बुरशीचा. यंत्राने वाचलेले तुकडे दोघांच्या जिनोमशी जुळवून वेगळे करावे लागतात. सागाचा जिनोम मसुदा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुळातल्या स्थानिक बुरशीचा जिनोम हाताशी नसेल तर जवळच्या जातीवर भागवावे लागते, आणि मग निष्कर्षही तेवढ्याच बेताने काढलेला बरा.

आजवरची मोठी माहिती विदर्भाबाहेरच्या झाडांवरून आली आहे. पॉप्लर झाडाच्या मुळावरच्या लॅकेरिया बायकलर या बुरशीचा जिनोम २००८ मध्ये वाचला गेला. तिचे एक छोटे प्रथिन झाडाच्या पेशीकेंद्रात शिरून जॅस्मोनिक आम्ल या संप्रेरकावर चालणारी झाडाची बचावयंत्रणा थोपवते, हे पुढच्या काही वर्षांत दिसले. पेशीत शिरणाऱ्या रायझोफॅगस बुरशीचा जिनोम २०१३ मध्ये आला. मेदाम्ले (मेदाचे घटक) स्वतः नव्याने घडवण्याचे नेहमीचे जनुक तिच्यात सापडले नाही. ती मेद झाडाकडूनच घेते, हे २०१७ च्या प्रयोगांनी पक्के केले. म्हणजे बुरशी झाडावर आपण समजत होतो त्याहून जास्त अवलंबून निघाली.

विदर्भाच्या पानझडी जंगलात ऋतूचा प्रश्न सर्वांत रंजक. मार्च ते मे साग निष्पर्ण असतो, म्हणजे नवी साखर तयार होत नाही. मृगाच्या सरींनंतर पालवी आणि नवी मुळे सोबत येतात. एकाच झाडाखालचे मे आणि जुलैचे नमुने वेगळेच बोलतील. त्यामुळे नमुन्यासोबत तारीख, पाऊस आणि झाडाला पालवी होती का, ही नोंद नसेल तर आकडे कितीही सुबक असले तरी उपयोगाचे नाहीत.

सावनेर तालुक्यातल्या गुमगाव मँगनीज खाणीच्या मुरमाच्या ढिगांवर नागपूरच्या निरी या पर्यावरण संशोधन संस्थेने रोपांना मायकोरायझा आणि जिवाणू देऊन झाडे उभी केली. अशा ठिकाणी मुळे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळून निळ्या रंगात बुडवली की सूक्ष्मदर्शकात बुरशी दिसते, पण रंग मेलेल्या तंतूंनाही लागतो. झाडाचे स्फुरद-वाहक जनुक, जे झुडूप असलेल्या पेशीतच जागे होते, ते चालू आहे का, हे पाहिल्यावरच भागीदारी सुरू आहे की नुसती बुरशी पडून आहे, ते कळते.